मैनाबाईचा मुराळी

॥ श्री ॥
मुक्काम अमरावती, कार्तिक शुद्ध एकादशी, शके १७८६

राजश्री जानराव पाटील, मुक्काम अकोला, यांसी
सा. न. वि. वि.

लिहिणार महादेवराव वल्द सखाराम, वय वर्षे अडुसष्ट, धंदा काळीची शेती, राहणार अमरावती, अंबागेटाच्या आत. पंतोजींच्या शाळेत चार वर्षे बसलेला, चाळिशीवाचून लिहिणारा आणि आपला व्याही. आपणांस हे सर्व ठाऊक आहे. तरी यंदा साहेबाच्या कचेरीत जमिनीच्या कामी जबानी द्यावी लागली, तेव्हा ध्यानात आले की लिहिणारा कोण हे आधी सांगितले म्हणजे पुढील मजकुरास वजन येते. सबब महत्त्वाचे पत्र मी यापुढे असेच लिहिणार.

आमचा नातू गोवर्धन कापसाच्या गाड्या खामगावी पोचवून परतताना दिवाळीस आपल्या घरी उतरला. चार दिवस राहतो म्हणून गेलेला आठवडाभर राहिला. आपण त्याचे जे अगत्य केले त्याबद्दल आभारी आहे. परंतु आपण त्याला काय खाऊ घातले, हे कळावे. मुलगा गेला तसा परत आलेला नाही. मुंडासे बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो. बैलांना वैरण घालताना आपल्याशीच हसतो. परवा त्याला कापसाचा भाव विचारला, तर मोर्णा नदीचे पाणी किती नितळ आहे ते सांगू लागला. त्याचा बाप रामराव म्हणतो, वारे लागले असेल, उतरेल. मला तसे वाटत नाही.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, असे चार वेळा वाटले. आमचा गाडीवान देवीदास दारू पीत नाही आणि बोलतोही फार कमी. त्याने आपण होऊन सांगितले की निघण्याच्या दिवशी, उन्हे चांगली वर आलेली असताना, गाडी आपल्या दारात जुंपून उभी होती. त्या वेळी आतून कोणी पैंजण घातलेली मुलगी धावत उंबरठ्यापर्यंत आली. कोणी निरोप द्यायला येत असेल म्हणून त्याने कासरा ओढून धरला. पण बाहेर कोणी आले नाही, आणि उंबरठ्यात तर त्याला कोणी दिसलेच नाही. आवाज मात्र तेथेच येऊन थांबला. बैल गाव सुटेपर्यंत माना मागे वळवीत होते. गोवर्धनानेही आवाज ऐकला. तो नुसता हसला. आपल्या घरी ही थट्टा कोणी केली, ते विचारावे. जुंपलेल्या बैलांशी थट्टा करू नये.

आपली सून सौ. आशाबाई हीस अ. उ. आ. तिच्या गळ्यातल्या टाकास माझ्या नावाने हळदकुंकू वाहावे. माझी मैना त्यात आहे. आपल्या मनात आमच्यासाठी जी जागा आहे ती तशीच राखावी, एवढे मागणे.

महादेवराव

॥ श्री ॥
अकोला, कार्तिक वद्य षष्ठी

राजमान्य व्याहीबुवा महादेवराव पाटील यांसी
जानरावाचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र वाचायला घेतले आणि वल्द सखाराम येईतो मी उठून उभा राहिलो. वाटले, साहेबच दारात आला. आमच्या कुटुंबाने, पार्बताबाईने, विचारले की कोणावर फिर्याद झाली, तेव्हा सांगितले की व्याह्याने खुशाली विचारली आहे.

नातवाला आम्ही काय खाऊ घातले, त्याचा जबाब घ्या. भाकरी, वांग्याचे भरीत आणि वर आमच्या नातीचे टोमणे. शकुन आमच्या शेषरावाची मुलगी, हे आपणांस ठाऊक आहेच. गोवर्धन आला त्याच दिवशी ती विहिरीवर पाणी शेंदत होती. हा तिकडे पाहत वाकला आणि मुंडासे विहिरीत गेले. तिने ते बादलीने वर काढले, पिळून त्याच्या हाती दिले आणि म्हणाली की अमरावतीची मुंडाशी पोहायला शिकली, माणसं कवा शिकतीन. तेव्हापासून हा रोज पचिशी खेळायला बसे आणि रोज हरे. इतके हरणे कोणालाही जमत नाही, मुद्दाम शिकावे लागते.

खरी मौज भाऊबिजेला झाली. पार्बताबाईने ताट केले आणि शकुनला म्हणाली की मामाच्या घरचा पोरगा आहे, त्यालाही ओवाळ. पोरगी जी नाहीशी झाली, ती कापसाच्या कोठीत सापडली. ढिगात गळ्यापर्यंत बसली होती. बाहेर येईना. इकडे गोवर्धनाचे पोट अचानक असे दुखू लागले की तो पाटावरून उठून परसात गेला. बीजेची कोर मावळल्यावर दोघेही बरे झाले. मी म्हातारा आहे, आंधळा नाही. एकदा ओवाळले की तो भाऊ झाला; दोघांनाही भाऊबहीण व्हायचे नव्हते.

तर व्याहीबुवा, थट्टा पुरे, आता हात जोडून लिहितो. शकुन एकोणीस वर्षांची झाली. तिची सोयरीक ठरलेला मुलगा हळदीआधी पटकीच्या साथीत गेला आणि लोकांनी पोरीला पांढऱ्या पायाची ठरवले. कोणी दार ठोठावीना. म्हणून यंदा भाव चढला तसे मी तिला दसऱ्याला रुप्याचे जाड पैंजण घडवले, की बोलणाऱ्यांना तिच्या पायांकडे पाहायचेच असेल तर नीट पाहू द्या. आपण गोवर्धनासाठी प्रत्येक घरात खोट काढली. आमच्या घरात काढू नका. मुलगी गुणाची आहे, आणि मुलाला पोहता येत नाही, हे तिला माहीत आहे.

देवीदासाने ऐकले त्याचे काय सांगू. शकुनच असेल असे मलाही वाटले. पण ती त्या सकाळी रुसून बायकांबरोबर मोर्णेवर धुणे धुवायला गेली होती आणि गाडी गेल्यावर आली. पैंजण धुण्यात अडकतात म्हणून घरीच खुंटीला ठेवले होते. असो. घरात उंदीर फार झाले आहेत.

आमची आठवण काढीत असावे आणि होकार धाडावा.

जानराव

॥ श्री ॥
अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध दशमी

राजश्री जानराव पाटील यांसी
सा. न. वि. वि.

लिहिणार पूर्वीचाच. आपले पत्र पोचले. नकार लिहीत आहे. आपल्या घरात खोट नाही. म्हणून कारण लिहिणे माझ्याकडे लागते.

आपल्या शेषरावास माझी मैनाबाई दिली होती. ती आपल्या घरी वर्षभर नांदली आणि श्रावणात एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. पुढे शेषरावाचे दुसरे लग्न आशाबाईशी झाले. आपल्या लोकांत अशा वेळी पहिलीचा टाक करतात, रुप्याच्या लहान पत्र्यावर तिची आकृती उमटवून दुसरीच्या गळ्यात घालतात, म्हणजे गेलेलीचे मन घरात रमते आणि नव्या संसारास बाधा होत नाही. तो टाक मी स्वतः करून धाडला. आशाबाईने तो घातला त्या दिवसापासून ती माझी मुलगी झाली. तिला अखजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, चोळी आणि दिवाळीचे लुगडे माझ्या घरून गेले. एक वर्ष चुकले नाही. ती मला बाबा म्हणते. मी आपल्या घरचे पाणी अद्याप प्यालो नाही, कारण मुलीच्या घरचे पाणी बाप घेत नाही. हे सर्व खोटे होते, असे आता कसे म्हणावे?

आशाबाई माझी मुलगी, तर शकुन माझी नात आणि गोवर्धनाची आतेबहीण. आपल्या जातीत मामाची मुलगी करतात. आत्याची करीत नाहीत. मुलगी ज्या घरातून दिली त्या घरात तिची मुलगी सून म्हणून परत येत नाही. आपण म्हणाल, रक्ताचा संबंध नाही. रक्त मोजायचे, तर मला मुलगीच नाही. टाक मोजायचा, तर हे लग्न नाही. दोन्हींपैकी एकच धरता येते, आणि मी मैनेस धरले आहे.

गोवर्धनास हे समजावून सांगितले. त्याने मान खाली घालून ऐकले आणि त्या दिवसापासून मुंडासे एकदाच बांधतो. ते मला पाहवत नाही. तरी रूढी ती रूढी.

बोलता बोलता तो एक गोष्ट म्हणाला, तिचा खुलासा व्हावा. आशाबाईच्या गळ्यातला टाक सोन्याचा आहे, असे तो सांगतो. मी धाडलेला रुप्याचा होता. तो कोठे आहे?

राग नसावा. असल्यास लिहून कळवावा, मनात ठेवू नये.

महादेवराव

॥ श्री ॥
अकोला, पौष शुद्ध पंचमी

राजमान्य महादेवराव पाटील यांसी
जानरावाचा साष्टांग नमस्कार.

आज थट्टा सुचत नाही. विचारले त्याचा जबाब देतो.

यंदा कापसाने घराघरांत सोने आणले. कोणी गाडीच्या चाकांच्या धावांना रुपे मढवले, कोणी बैलांच्या शिंगांना सोन्याच्या शेंब्या केल्या. मला वाटले, सगळे वर चढले, मग आमची पहिली सूनच रुप्यात का राहावी? म्हणून आषाढात मी तिचा टाक सोन्याचा करवला. मनात मान देण्याचेच होते. जुन्या टाकाचे रुपे सोनाराने विचारले, याचे काय करायचे. मी म्हटले, घरचेच आहे, पोरीच्या पैंजणात घाला. घरचे घरात राहील, एवढेच मनात आले. ब्राह्मणाला विचारले नाही, आपणांस कळवले नाही.

दसऱ्याला शकुनच्या पायात ते पैंजण पडले. पुढचे मी डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले तेवढेच लिहितो.

भर दुपारी शकुन ओसरीवर रेचा फिरवीत बसते, कापसातून सरकी वेगळी करते. पाय लांब केलेले असतात, अनवाणी. पैंजण आत खुंटीला. मी, पार्बताबाई, आशाबाई समोर असतो. तेवढ्यात आतल्या खोलीत पैंजण वाजतात. माजघरातून येतात, हळूहळू, जशी नवी सून सासऱ्यासमोरून चालते तशी. उंबरठ्याशी थांबतात. जराशाने तेथेच पाय बदलल्यासारखे वाजतात, आणि संपते. मी उठून आत गेलो, तर खुंटीवरचे पैंजण हललेलेही नव्हते. मग मी उंदरांचे नाव घेणे सोडले.

आणखी सांगतो. एके सकाळी शकुनने विचारले की विहिरीजवळची बोर कोणी तोडली. तेथे बोर होती, महादेवराव. आपल्या मैनाबाईचे वर्षश्राद्ध झाले त्या साली तोडली. शकुन तेव्हा जन्मलीही नव्हती. आणि दर दोन-तीन दिवसांनी कोनाड्यात एक गाठोडे सापडते. एक लुगडे, एक फणी, मूठभर ज्वारीच्या लाह्या. आम्ही सोडतो, सामान जागच्या जागी ठेवतो. ते पुन्हा बांधलेले असते. गाठ अशी की दोन पदर उलटे पिळून टोक आत खोचलेले. आमच्या घरात तशी गाठ कोणी बांधीत नाही. शकुनला विचारले तर म्हणते की मले नाही माहीत, पण हातांना ज्वारीचा वास येते.

आशाबाईने आपणांस मुद्दाम लिहायला सांगितले. टाक गळ्यात होता तोवर दर श्रावणात तिला स्वप्नात नदीचा पूर दिसे. यंदा काही दिसले नाही. ती म्हणाली, "बाबाले लिवा, ती माह्या गळ्यात नाही आता. गळा हलका झाला अन् घर जड झालं."

मग मला भीती वाटली ती अशी. गोवर्धनावर जीव जडला तो शकुनचा, की पैंजणाचा? आपल्या घरचा मुलगा आला आणि धावले कोण? पार्बताबाईने शकुनचे पैंजण काढून घेतले आणि कणगीत, ज्वारीच्या तळाशी पुरले. महिनाभर पोरगी मोकळ्या पायांनी राहिली. बोरीचे नाव काढले नाही. हाताचा वास गेला. मग पार्बताबाईने स्पष्टच विचारले, की आता सांग, गोवर्धन तुला हवा का. लाजली नाही, रेचा थांबवला आणि म्हणाली, "पैंजण असो का नसो, तो मले आवडते. पण त्याले सांगा, खेळात हरू नको. मले समजते."

म्हणजे शकुनचे मन शकुनचे आहे. पण दुपारी आता कणगीतून ज्वारी सरकल्याचा आवाज येतो, आणि तो उंबरठ्याच्या दिशेने येतो.

काय करावे ते आपण सांगा. मुलगी आपली आहे. एवढे झाल्यावर आमच्यावर माया ठेवाल की नाही, हे विचारण्याचेही धैर्य होत नाही.

जानराव

॥ श्री ॥
अमरावती, माघ वद्य तृतीया

राजश्री जानराव पाटील यांसी
सा. न. वि. वि.

लिहिणार महादेवराव वल्द सखाराम, मैनाबाईचा बाप.

आपल्या सोनाराने काही बिघडवले नाही. मैनेच्या लग्नात मी तिला पैंजण घातले होते. ती गेल्यावर ते आपण परत धाडले, आणि त्याच रुप्याचा मी टाक केला. ही गोष्ट मी कोणास सांगितली नव्हती. यंदा आपण त्याच रुप्याचे पुन्हा पैंजण केले. इतकी वर्षे ती बसून होती, आता उठून चालू लागली आहे.

गाठोड्याची गाठ आमच्या घरची आहे. माझ्या आईने मैनेस शिकवली होती.

ती उंबरठ्याशी का थांबते, हे आपणांस समजले नसेल तर लिहितो. नांदती सून माहेरी निघते ती मुराळ्याबरोबर. बाप किंवा भाऊ न्यायला येतो, दारात उभा राहून बोलावतो, मग ती उंबरठा ओलांडते. एकटी ओलांडीत नाही. त्या श्रावणात रामराव मुराळी म्हणून निघाला होता. पेढी नदीला पूर होता. गाडी काठावर अडकून पडली. तो आपल्या दारी पोचला तेव्हा गाठोडे बांधून ठेवलेले होते, बांधणारी नव्हती. रामराव ते गाठोडे आणि रिकामी गाडी घेऊन परत आला. आपणांस हे आठवत असेल. मैनेस ठाऊक नाही. तिच्या हिशेबी तिचा मुराळी अद्याप यायचा आहे. गोवर्धन आज त्या वेळच्या रामरावासारखा दिसतो. मुलगी धावली यात नवल नाही.

तेव्हा मी असे ठरवले आहे. अखजीस मुली माहेरी येतात, आणि गेलेल्यांना पाण्याची घागर भरून देण्याचा दिवसही तोच. त्या सणासाठी मी स्वतः अकोल्यास मुराळी म्हणून येतो. ते पैंजण आपण माझ्या हवाली करावे. येथे त्याचा पुन्हा टाक करून मी तो माझ्या देव्हाऱ्यात, माझ्या आईच्या टाकाशेजारी बसवीन. दिलेली मुलगी बापाच्या देवात बसवीत नाहीत, असे जातीतल्या वडीलधाऱ्यांनी येऊन सांगितले. मी ऐकून घेतले आणि त्यांना पानसुपारी दिली.

याचा अर्थ काय होतो, तो मी पुरता जाणतो. मैना माहेरी आली म्हणजे आशाबाई मैना राहत नाही. शकुन माझी नात राहत नाही, आणि मग गोवर्धनाच्या आड काही उरत नाही. नातवाचे लग्न व्हावे म्हणून मी मुलगी सोडली, असे आशाबाईस वाटता कामा नये. इतकी वर्षे माझ्या मुलीला तिने गळ्यात वागवले. म्हणून तिला विचारावे. ती नाही म्हणाली तर मी येणार नाही, आणि हा विषय पुन्हा काढणार नाही.

पाणी मी बरोबर आणीन. आमच्याबद्दल मनात जे बरे असेल तेच असू द्यावे.

महादेवराव

॥ श्री ॥
अकोला, चैत्र शुद्ध अष्टमी, शके १७८७

राजमान्य महादेवराव पाटील यांसी
जानरावाचा साष्टांग नमस्कार.

आपले पत्र आशाबाईला दोनदा वाचून दाखवले. ती उठली आणि सबंध दिवस जात्याशी बसून राहिली. दळण मात्र काही केले नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मंग अखजीले मले चोळी कोण धाडीन?" आपल्याला ठाऊकच आहे, तिच्या माहेरी आता कोणी उरले नाही. मग तिनेच सांगितले की बाबाले या म्हना. ती लय दिवस उभी हाय, पाय दुखत असतीन तिचे.

तर यावे. कापसाचा भाव उतरला, समुद्रापलीकडची लढाई संपत आली म्हणतात. शिंगांच्या शेंब्या लोक गुपचूप उतरवू लागले आहेत. त्यामुळे आपल्या दिमाखाला येथे फार स्पर्धा होणार नाही.

पाण्याची घागर अमरावतीहून गाडीत घालून आणणारा व्याही अकोल्याने अजून पाहिलेला नाही. सांडू नये म्हणून देवीदासाला हळू हाकायला सांगावे. आमची दारे उघडी आहेत; आपण ती आपलीच समजावी.

जानराव

॥ श्री ॥
अमरावती, वैशाख शुद्ध चतुर्थी, शके १७८७

राजश्री जानराव पाटील यांसी
सा. न. वि. वि.

लिहून देणार महादेवराव वल्द सखाराम, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा काळीची शेती, राहणार अमरावती, चाळिशीवाचून पाहणारा. खालील मजकूर खरा आहे. त्यातला आपल्या दारातला भाग आपण पाहिलाच. तरी कागदावर असावा म्हणून पुन्हा लिहितो.

मी आपल्या दारी पोचलो तेव्हा उन्हे चढली होती. मी ओसरीवर चढलो नाही. मुराळी जेथे उभा राहतो तेथे उभा राहिलो. बोलण्याचे शब्द मी वाटेत जुळवून ठेवले होते, पत्रात शोभतील असे. ते त्या वेळी आले नाहीत. माझ्या आईच्या घरात बोलत ते आले. मी म्हणालो, "मैने, चाल माय. गाडी उभी हाय."

आत पैंजण वाजले. या वेळी हळू नाही. आशाबाईने ते कणगीतून काढून परातीत ठेवले होते. परात दोन्ही हातांत धरून ती उंबरठ्याच्या आत उभी होती. आवाज परातीतून येत नव्हता, तिच्या मागून येत होता. तो उंबरठ्याशी आला. या वेळी थांबला नाही. आशाबाईने त्याच्याबरोबर पाऊल बाहेर टाकले आणि परात गाडीतल्या गोधडीवर ठेवली. शेजारी ते गाठोडे ठेवले. मग ती परत ओसरीवर गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली. बाबा म्हणाली नाही. मैना निघाली होती. ते घर आता माझ्या मुलीचे नव्हते. मी ते पाणी प्यालो. अमरावतीची घागर आपल्या दारातल्या तुळशीला घातली. आपण त्यावर काहीच थट्टा केली नाहीत, हे माझ्या लक्षात आहे.

वाटेत देवीदास म्हणाला की गाडी रिकामी आणि बैलांना घाम. मी त्याला हळू हाकण्यास सांगितले. मी गाडीत बसून मैनेस घरच्या बातम्या सांगत होतो. कोणाची लग्ने झाली, कोण गेले, तिची आई कधी गेली, कोणत्या विहिरी आटल्या. देवीदासाने मागे वळून पाहिले नाही. शहाणा माणूस आहे. पेढी नदीच्या पात्रात थेंब नव्हता, नुसती वाळू. तेथे बैल आपण होऊन थांबले. मी सांगितले की पूर ओसरला आहे, भिऊ नको. मग चालले.

घरी अखजीची घागर भरून ठेवली होती. रामरावाच्या बायकोने, दुर्गाबाईने, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. परात मी पायरीवर ठेवली, आणि माहेरी आलेल्या मुलीच्या पायांवर घालतात तसे दुर्गाबाईने पायरीवर पाणी घातले. ते पाणी वाहून गेले. त्यानंतर सारवलेल्या जमिनीवर आत जाणारी ओली पावले उमटली. लहान होती. आधी जात्यापाशी गेली, तेथे थोडी थांबली, मग देव्हाऱ्यापाशी गेली आणि तेथे वाळली. मी चाळिशीवाचून पाहतो हे वर लिहिले आहेच. रामरावाने पाहिली. तो पायरीवरच बसला; म्हणाला, आपली गाडी पोचली. गोवर्धनाने पाहिली आणि मुंडासे काढून हातात घेतले.

आज सोनार येतो आहे. सायंकाळच्या आत टाक होईल.

यावरून असे लिहून देतो की आशाबाई, शेषराव जानराव याची बायको, ही आजपासून माझी मुलगी नाही. शकुन माझी नात नाही. आणि गोवर्धनाने तिच्याशी लग्न करण्यास माझ्याकडून काही हरकत नाही. ज्येष्ठातला मुहूर्त आपण पाहावा. मान आता वरपक्षाचा, म्हणजे माझा. इतकी वर्षे मी मुलीचा बाप म्हणून आपली थट्टा ऐकून घेतली, त्याची परतफेड मांडवात होईल, तयारीत असावे. शकुनला सांगावे की गोवर्धन आता जिंकण्याचा सराव करीत आहे, तूर्त त्यातही हरतो.

देवीदासाबरोबर एक चोळी धाडली आहे, ती आशाबाईसाठी. विहिणीचा आहेर निराळा, तो लग्नात येईल. ही अखजीची आहे, आणि दरसाल येईल. कोणत्या नात्याने, त्यास मला शब्द सापडला नाही. चार वर्षांच्या शाळेत तो शिकवला नव्हता. तिने विचारल्यास सांगावे की आम्ही दोघांनी मिळून धाडली आहे.

आपण आहात तसेच आमचे राहावे, याहून अधिक काय मागावे.

महादेवराव

हजर असामी
रामराव वल्द महादेवराव, सही.
गोवर्धन वल्द रामराव, सही.
दुर्गाबाई, रामरावाची बायको, निशाणी बांगडीची.
देवीदास गाडीवान, निशाणी चाकाची.
मैनाबाई, महादेवरावाची मुलगी, वय वर्षे एकोणीस, हल्ली मुक्काम माहेरी, निशाणी पैंजणाची.